सरावलेलं यंत्र : वृद्धाश्रमातल्या एका 'मेंदूसारख्या' उपकरणाचं प्रकरण

हे प्रकरण पुणे जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमातलं आहे. संस्था, कंपनी आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं आणि काही तपशील बदलले आहेत. घटना घडल्यावर विश्वस्तांनी एक छोटी चौकशी समिती नेमली. तिच्यात मी बाहेरचा सदस्य होतो. दोष कोणाचा हे ठरवायला समिती नेमली होती, पण चौकशीचा बराचसा वेळ यंत्राला कोणी काय शिकवलं हे शोधण्यातच गेला.

पार्श्वभूमी

आश्रम एक ट्रस्ट चालवतो. खालच्या मजल्यावर हिंडते-फिरते आजी-आजोबा राहतात. वरच्या मजल्यावर स्मृतिभ्रंश झालेले आणि अंथरुणाला खिळलेले. बहुतेकांची मुलं परगावी किंवा परदेशी. रात्रपाळीला एक सिस्टर आणि तीन मावश्या असत.

म्हाताऱ्या माणसाचं पडणं ही अशा ठिकाणची रोजची धास्ती. पडल्यावर किती वेळात कोणी पोहोचलं यावर पुढचं बरंच काही अवलंबून असतं. आधी खोल्यांत सीसीटीव्ही लावायचा विचार झाला होता. खालच्या मजल्यावरच्या आजींनी तो हाणून पाडला. "आम्ही लुगडं बदलतानाही बघणार का कोणी?" या प्रश्नावर विश्वस्तांकडे उत्तर नव्हतं. मग मनगटाला बांधायची बटणं आणली. स्मृतिभ्रंश झालेली माणसं ती काढून ठेवायची. एका आजोबांचं बटण उशीच्या अभ्र्यात सापडलं, एकांचं पानाच्या डब्यात.

अशा वेळी एका छोट्या कंपनीचे लोक आले. भिंतीला वर, कोपऱ्यात लावायचं तळहाताएवढं उपकरण त्यांच्याकडे होतं. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'मेंदूसारखा विचार करणारा, तुमच्या माणसाला ओळखणारा, फोटो न काढणारा सोबती.' विश्वस्तांना हे एकदम पटलं. खोलीत कॅमेरा नको असलेल्यांना 'फोटो न काढणारा' पटलं आणि परदेशातल्या मुलांना 'ओळखणारा'. वरच्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांत उपकरणं बसली.

उपकरण कसं चालतं

इथे थोडं थांबावं लागेल, कारण पुढचा सगळा गुंता यंत्राच्या बांधणीतून आलेला आहे.

साधा कॅमेरा सेकंदाला पंचवीस-तीस पूर्ण चित्रं घेतो. या उपकरणात इव्हेंट कॅमेरा होता. त्याचा प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे काम करतो आणि स्वतःपुरता उजेड बदलला तरच कळवतो, नाहीतर गप्प. डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशींवरून घेतलेली ही कल्पना आहे. मज्जासंस्थेच्या धर्तीवर इलेक्ट्रॉनिक्स बांधण्याचा विचार कॅलटेकच्या कार्व्हर मीड यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस मांडला, तेव्हापासून ही वाट चालत आली आहे. कॅमेऱ्यामागच्या चिपवर स्पाइकिंग न्यूरल नेटवर्क होतं. त्यात कृत्रिम चेतापेशी एकमेकींना क्षणिक ठिणग्यांसारखे संकेत पाठवतात आणि काही घडत नसेल तेव्हा जवळजवळ वीज खात नाहीत. माणसाचा मेंदू साधारण २० वॅटवर चालतो, ही तुलना या क्षेत्रातले लोक दर दोन वाक्यांनी करतात. या उपकरणाला तर त्याहून कितीतरी कमी लागायची. वीज गेली तरी रात्रभर बॅटरीवर निभायचं. आमच्याकडे हे कौतुक लहान नाही.

अडचणीही अस्सल देशी होत्या. छताचा पंखा हा इव्हेंट कॅमेऱ्याच्या दृष्टीने कधीही न थांबणारा गोंधळ. ५० हर्ट्झच्या विजेवर जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, तीही त्याला दिसते. मच्छरदाणी हलते. हे सगळं गाळून त्यातून माणूस वेगळा काढायचा, तर प्रत्येक खोलीशी जुळवून घेणं भाग होतं. म्हणून नेटवर्कचा शेवटचा थर जागेवरच, चिपवर, शिकत राहील अशी सोय केलेली होती.

आणखी एक गोष्ट. जो हलत नाही तो या कॅमेऱ्याला दिसत नाही. पडून निपचित पडलेला माणूस त्याच्यासाठी नसल्यासारखाच. म्हणून 'खाली गेलेली हालचाल आणि मग शांतता' असा क्रम दिसला की सूचना द्यायची, असं मूळ शिक्षण कारखान्यातून दिलेलं होतं.

सूचना आली की व्हरांड्यातला फलक वाजे आणि मावशींच्या फोनवर दोन बटणं येत. 'पोहोचलो' आणि 'खोटा अलार्म'. 'पोहोचलो' दाबलं की काय झालं, कोणी पाहिलं, असा छोटा अर्ज भरावा लागे. 'खोटा अलार्म' दाबलं की फलक तत्काळ गप्प. आणि हेच दुसरं बटण शिकवणीचं होतं. ते दाबलं की सूचनेकडे नेणाऱ्या जोडण्या थोड्या कमकुवत होत. मेंदूत जोडणी बळकट करायची की सैल, हे ठरवण्यात डोपामिनसारख्या रसायनांचा हात असतो, त्याचीच ही नक्कल. कंपनीच्या कोडमध्ये या संकेताचं नावच 'डोपामिन' होतं.

मावशींना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते आवाज बंद करायचं बटण होतं.

काय घडलं

लीला आजी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. वय ऐंशीच्या पुढे, स्मृतिभ्रंश मध्यम. रात्री दोनच्या सुमारास त्यांना जाग येई. पलंगाची कड धरून त्या सावकाश खाली सरकत, जमिनीवर मांडी घालत आणि समोर वह्यांचा गठ्ठा असल्यासारखा हात फिरवत. वह्या तपासत. मावशी येऊन जवळ बसे, "झाल्या का बाई तपासून?" म्हणे आणि दहा-पंधरा मिनिटांनी त्यांना परत पलंगावर घेई.

यंत्राच्या हिशेबाने हा दर वेळी अलार्मच होता: माणूस खाली गेला, हालचाल मंदावली. सुरुवातीला ते दर रात्री वाजायचं. मावशी धावत यायच्या, आजी ठीक असायच्या, मावशी 'खोटा अलार्म' दाबायच्या. त्यांच्या बाजूने पाहिलं तर अलार्म खोटाच होता, आजी पडलेल्या नव्हत्या. हळूहळू यंत्र वाजेनासं झालं. सगळ्यांना बरं वाटलं. मॅडमनी (व्यवस्थापिका) कॅनडातल्या मुलाला कळवलंही की यंत्राने आईंना 'ओळखायला' सुरुवात केली आहे. त्यांनी ते कौतुकाने नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं.

एका रात्री आजी नेहमीसारख्या खाली सरकल्या आणि शेवटच्या वीतभर अंतरात हात सुटला. खुब्याचं हाड मोडलं. आवाज आधीच बारीक, त्यात डासांमुळे दार लोटलेलं. पहाटे सव्वापाचला सिस्टर थायरॉइडची उपाशीपोटीची गोळी द्यायला आल्या, तेव्हा आजी पलंगाशेजारी पडलेल्या आढळल्या. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. चालणं मात्र वॉकरवर आलं.

उपकरणाच्या नोंदीत त्या वेळची एकच ओळ होती: '२:०७ – हालचाल. ओळखीची. सूचना नाही.'

चौकशीत काय दिसलं

कंपनीचा तरुण अभियंता पहिल्याच बैठकीत म्हणाला, "सर, यंत्र बिघडलं नव्हतं. जसं बनवलं होतं तसंच ते चाललं." तो टाळाटाळ करत नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकणं जड गेलं.

एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीवर केलेले प्रयोग या संदर्भात आठवतात. गोगलगायीला हलका स्पर्श केला की ती कल्ला आत ओढून घेते. पुन्हा पुन्हा तसाच निरुपद्रवी स्पर्श करत राहिलं की ओढणं कमी होत जातं, आणि तिच्या चेतापेशींमधल्या जोडण्यांतही तो बदल मोजता येतो. त्या संशोधनासाठी कँडेल यांना २००० सालचं नोबेल मिळालं. सरावणं ही मेंदूची फार जुनी, फार उपयोगी खोड आहे. ती नसती तर अंगावरच्या कपड्यांचा स्पर्शही आपल्याला दिवसभर छळत राहिला असता. कंपनीने मेंदूकडून जे घेतलं ते हे होतं. माहितीपत्रकाने मात्र मेंदूचं शहाणपण घेतल्याचं भासवलं. रोज खाली बसणाऱ्या बाईंचा हात आज सुटला, हे ओळखायला माणसाचा मेंदू सरावाव्यतिरिक्त बरंच काही वापरतो. तिचं वय, तिचा चेहरा, काल ती जरा लंगडत होती ही आठवण. त्यातलं काहीही या चिपवर नव्हतं.

नेमक्या कोणत्या रात्री यंत्राने आजींकडे दुर्लक्ष करायला सुरुवात केली, हे आम्हाला शोधता आलं नाही. बटण कधी दाबलं याच्या नोंदी होत्या, पण जोडण्यांचं बळ कसकसं बदललं ते कुठेच साठवलेलं नव्हतं. साठवायचं म्हणजे दर वेळी मेमरीत लिहायचं, त्याला वीज लागते आणि कमी वीज हाच तर विक्रीचा मुद्दा. शिकणारं यंत्र विकलं, पण ते काय शिकलं याचा कागद ठेवला नाही. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात गंभीर चूक हीच.

'फोटो न काढणारा' हा दावाही तपासला. चित्र साठवत नाही हे खरं. पण बदलांच्या त्या ठिपक्यांवरून ओळखू येईल असं चित्रण पुन्हा रचता येतं, हे झुरिकच्या संशोधकांनी २०१९ सालीच दाखवलं आहे. आणि प्रत्येक सूचनेच्या आधीचे काही सेकंद कच्च्या ठिपक्यांच्या रूपात कंपनीच्या सर्व्हरवर जात होते, दोष शोधायच्या सोयीसाठी. लुगड्याचा प्रश्न विचारणाऱ्या आजींना हे सांगितलं असतं तर त्यांनी या उपकरणालाही दारात उभं केलं नसतं.

तिसरी गोष्ट हजेरीपटात सापडली. उपकरणं बसल्यावर काही महिन्यांत एका मावशीने नोकरी सोडली. तिची जागा भरलीच नाही. कोणी तसा ठराव केला नव्हता. विश्वस्त म्हणाले, "यंत्र आहेच की, बघू नंतर." तीन मावश्यांच्या दोन झाल्या. दोघी दमू लागल्या, म्हणून 'खोटा अलार्म' पटापट दाबलं जाऊ लागलं, म्हणून यंत्र लवकर शांत झालं. यंत्र शांत आहे म्हणून तिसरीची गरज कोणाला वाटेना.

निर्णयाची पहिली जागा : कुटुंबाला काय सांगायचं

कंपनीच्या वकिलांनी पत्राचा मसुदा पाठवला होता. त्यात 'तांत्रिक अडचणीमुळे सूचना प्रसारित होऊ शकली नाही' असं वाक्य होतं. विश्वस्तांपैकी दोघांना ते सोयीचं वाटलं. समितीने नकार दिला. अडचण आलीच नव्हती. यंत्राने सूचना द्यायची नाही असं ठरवलं होतं, आणि तसं ठरवायला ते आपल्याच माणसांकडून, त्यांना नकळत, शिकलं होतं. हे जसंच्या तसं लिहिलं तर खटल्यात अंगाशी येईल ही भीती खरी होती. तरीही लिहिलं.

नाशिकची मुलगी भेटायला आली. तिने पत्र वाचून एकच विचारलं, "म्हणजे माझ्या आईचं पडणं त्याला नेहमीचं वाटलं?" अभियंत्याने "हो, ताई" एवढंच उत्तर दिलं. तिने नंतर दावा लावला नाही. लावला असता तरी समितीचं म्हणणं बदललं नसतं.

मावशींना दोषी धरायचं नाही हेही इथेच ठरलं. एका विश्वस्तांचा आग्रह होता की निदान ताकीद द्यावी. सुनंदा मावशी बैठकीत म्हणाल्या, "साहेब, रोज रात्री मी त्यांच्याशेजारी बसत होते. मग यंत्रच वाजेना, तर मला वाटलं आजी आता झोपतायत." ताकीद लिहिली गेली नाही.

निर्णयाची दुसरी जागा : यंत्राचं काय करायचं

उपकरणं काढून टाकावीत, हा सरळ पर्याय होता. सिस्टरांनी त्याला विरोध केला. दुसऱ्या दोन खोल्यांत याच उपकरणामुळे पडलेल्या माणसांपर्यंत काही मिनिटांत पोहोचता आलं होतं, तेही त्यांनीच नोंदवलं होतं.

साधे कॅमेरे आणि बाहेरच्या सर्व्हरवर चालणारी ओळख प्रणाली, हा दुसरा पर्याय. तिथलं मॉडेल गोठवलेलं असतं, आपोआप सरावत नाही. पण रात्रभराचं चित्रण घराबाहेर जाणार. पहिला नकार ज्या कारणाने आला त्याच जागी आम्ही परत येणार होतो.

यंत्राचं शिकणंच पूर्ण बंद करावं, हा पर्याय मला सुरुवातीला सगळ्यात स्वच्छ वाटला. अभियंत्याने एका रात्रीची नोंद समोर ठेवली. शिकणं बंद ठेवून चाचणी घेतली तेव्हा पंखा, मच्छरदाणी आणि एका आजोबांचे अस्वस्थ पाय मिळून फलक सारखा वाजत राहिला. आणि बसवल्याच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट मॅडमनी तेव्हाच सांगितली: वैतागून कोणीतरी एका उपकरणावर टॉवेल टाकून ठेवला होता. ज्या यंत्राला माणसं झाकून ठेवतात ते कितीही स्वच्छ असलं तरी निरुपयोगी.

'खोटा अलार्म' बटण फक्त सिस्टरांकडे द्यावं, असंही सुचवलं गेलं. पण सिस्टर एक, मजले दोन.

शेवटी जे ठरलं ते एकतर्फी शिकणं. यंत्राने नव्या धोक्याला वाजायला शिकावं, त्याला मोकळीक. पण आधी ज्याला वाजत होतं त्याला गप्प बसायला शिकायचं असेल, तर ते आपोआप व्हायचं नाही. दर आठवड्याला सिस्टर, मॅडम आणि शक्य असेल तिथे कुटुंबातलं माणूस यांच्यासमोर यादी येईल: 'या खोलीत या वेळची ही हालचाल दुर्लक्षित करू का?' सही झाली तरच बदल, आणि तीन महिन्यांनी तो आपोआप रद्द. अमेरिकेच्या औषध नियामकाने शिकणाऱ्या वैद्यकीय सॉफ्टवेअरसाठी २०२४ अखेरीस जी मार्गदर्शिका अंतिम केली, तिचा गाभा असाच आहे: विकल्यानंतर यंत्र काय बदलू शकेल हे आधी लिहून द्या. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२३ची मार्गदर्शक तत्त्वं माणसाची देखरेख आणि उत्तरदायित्व यांवर भर देतात, पण असा नेमका आराखडा मागत नाहीत. शिवाय कंपनीचं म्हणणं, हे वैद्यकीय उपकरणच नव्हे, 'वेलनेस'चं आहे. वरच्या मजल्यावर, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर, सिस्टरांच्या हाती देऊन. असो.

संमतीचा प्रश्न

लीला आजींची संमती मुलाने ऑनलाइन सहीने दिलेली होती. २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा अपंग व्यक्तीच्या बाबतीत कायदेशीर पालकाची संमती मानतो. परदेशातला मुलगा हा केवळ मुलगा आहे म्हणून कायदेशीर पालक होत नाही. ही गफलत अशा किती संस्थांमध्ये असेल कोण जाणे. पण कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट खटकते. आजींना कोणी विचारलंच नव्हतं.

त्यांचं डोकं सकाळी बरंच स्वच्छ असतं. शस्त्रक्रियेनंतर त्या परतल्या तेव्हा सिस्टरांनी उपकरण काढून त्यांच्या हातात दिलं.

"हे रात्री बघतं का?"

"हो आजी. तुम्ही खाली बसलात की आम्हाला सांगतं."

"मग त्याला दिवा लावायला सांगा. काळोखात वह्या दिसत नाहीत."

आमच्यापैकी कोणालाच हे सुचलं नव्हतं. त्यांच्या खोलीत पलंगाखाली मंद दिवा बसवला, आजी हालचाल करू लागल्या की लागणारा. नंतर तो सगळ्या खोल्यांत गेला. पलंगाची उंचीही कमी केली आणि कडेला पकडायला दांडी लावली. या सगळ्याला कोणतंही न्यूरल नेटवर्क लागत नाही. यंत्र बसवण्याच्या आधी आजींशी पंधरा मिनिटं बोललं असतं तर हे तेव्हाच झालं असतं.

परिणाम

सूचना वाढल्या. मावशींची कुरकुरही वाढली, आणि ती रास्त होती. विश्वस्तांनी रिकामी जागा भरली, तेव्हा कुठे नवी पद्धत चालू लागली. माझ्या अंदाजाने निम्मी सुधारणा त्या भरतीची आहे आणि कंपनी तिचं श्रेय सॉफ्टवेअरला देते.

'पोहोचलो' नंतरचा अर्ज काढून टाकला, त्याऐवजी बोलून नोंद करायची सोय दिली. त्यामुळे दोन्ही बटणं सारखीच सोपी झाली. हा बदल अर्ध्या दिवसात झाला.

कच्चे ठिपके सर्व्हरवर जाणं थांबवलं. जोडण्यांची प्रत रोज पहाटे साठवली जाऊ लागली. बॅटरी पूर्वीइतकी टिकत नाही, लांब भारनियमन झालं तर इन्व्हर्टरवर जावं लागतं. माहितीपत्रकातून 'फोटो न काढणारा' गेलं. 'मेंदूसारखा' जावं म्हणून बराच वाद झाला. विक्रीवाल्यांचं म्हणणं, बाजारात सगळेच तसं लिहितात. शेवटी खाली एक ओळ आली: 'हे उपकरण वारंवार होणाऱ्या हालचालींना सरावू शकतं.' छोट्या अक्षरांत.

सगळं गोड झालं नाही. अस्वस्थ पायांच्या आजोबांना नवी पद्धत जाचक ठरली. त्यांच्या खोलीतली सूट मंजूर व्हायला वेळ लागला, कारण त्यांच्या घरचं कोणी बैठकीला येईना. तोवर रात्री दोन-दोन वेळा मावशी दार उघडून बघत आणि आजोबा चिडत. दोन कुटुंबांनी उपकरण काढून घ्यायला सांगितलं, त्यांचं काढलं.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवातीपासून चिपवर कारखान्यातल्या मूळ शिक्षणाची न बदलणारी एक प्रत शेजारी चालवायला हवी होती. शिकलेलं यंत्र गप्प आणि मूळ प्रत 'वाज' म्हणते, अशी तफावत दिसली की सकाळच्या यादीत ती यावी. फलक वाजला नसता तरी चार दिवसांत सिस्टरांच्या लक्षात आलं असतं की दोनच्या सुमाराला काहीतरी गाळलं जातंय. अभियंत्याच्या मते थोडी जास्त वीज लागली असती, एवढंच.

मावशींना पहिल्या दिवशी एक वाक्य सांगायला हवं होतं: हे बटण दाबलं की ते शिकतं. त्या शिकवत होत्या आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. शिकणारी यंत्रं पगार सगळ्यात कमी असलेल्यांच्या हाती दिली जातात आणि शिकवणीची जबाबदारीही नकळत त्यांच्यावर पडते. ही गोष्ट वृद्धाश्रमापुरती नाही, पण इथे ती उघड्यावर आली.

उपकरण बसवताना मनुष्यबळाची पातळी करारात लिहून गोठवायला हवी होती. किमान वर्षभर रात्रपाळीतलं एकही माणूस कमी करायचं नाही, ही अट विश्वस्तांना तेव्हा मान्य झाली असती. आज ती नव्या करारात आहे.

एका मुद्द्यावर समितीचं एकमत झालं नाही. लीला आजी आता खालच्या मजल्यावर, दांडी असलेल्या खोलीत आहेत. त्यांची जुनी खोली दुसऱ्यांना देताना लक्षात आलं की उपकरण त्यांच्याच सवयी धरून बसलेलं होतं, नवी रहिवासी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. ते मूळ स्थितीवर आणलं आणि रहिवासी बदलला की दर वेळी तसं करायचा नियम झाला. पण पहाटे साठवलेल्या प्रती राहिल्याच. त्या पुसाव्यात असं मुलीचं म्हणणं आहे. आईच्या रात्री त्यांच्यात आहेत, असं तिने अर्जात लिहिलं. कंपनी म्हणते, त्या नुसत्या आकड्यांच्या जोडण्या आहेत, वैयक्तिक विदा नव्हे, शिवाय पुढच्या चौकशीसाठी लागतील. आम्हीच त्या साठवायला लावल्या होत्या. माझं मत मुलीच्या बाजूने आहे, पण पुसण्याआधी एक स्वतंत्र तज्ज्ञ त्या पाहून अहवाल देईल, अशा अटीवर. विश्वस्तांनी निर्णय पुढच्या सभेवर टाकला आहे.